सीवूड्सच्या खोलीत एकटी

आदरणीय मालतीताई,

संस्था सोडताना मी तुम्हाला ऐटीत म्हणाले होते, "आता माझं मी सांभाळीन." सीवूड्सला दोन खोल्या घेऊन, तिथेच राहून स्वतःचं समुपदेशन सुरू केल्याला तीन महिने झाले.

काल दुपारी एक बाई आली होती. नाव लिहीत नाही, ती शिस्त तुमचीच. नवरा मारतो, हे ती पहिल्यांदाच बोलत होती. तेवढ्यात बेल वाजली. तिला आतल्या खोलीत बसवून मी दार उघडलं. समोर तिचा नवरा.

"माझी बायको इथंच येते ना?"

"इथे कोण येतं, ते मी कुणालाच सांगत नाही."

"तुम्ही एकट्याच असता ना, मॅडम?" असं हसत म्हणून तो जिना उतरला.

संस्थेच्या रबाळ्याच्या ऑफिसात अशा वेळी तुम्ही शेजारच्या टेबलावरून उठून यायचात. काल मी एकटीनेच कडी लावली आणि दार दोनदा ओढून पाहिलं.

आत गेले तर ती म्हणाली, "मॅडम, तुमी पन घाबरलाव?"

शिकलेलं सगळं विसरून मी म्हणाले, "हो. खूप."

ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "मना वाटायचा, मीच भित्री हाय. चला, पोलिसांत जाऊ."

आम्ही गेलो. तक्रार लिहून घेतली. ती आता बहिणीकडे आहे.

आणि मी सकाळपासून खाली उतरलेली नाही. हे पत्र पाठवलं तर तुम्ही "परत ये" म्हणाल, आणि आज मी खरंच येईन. म्हणून पाठवत नाही.

तुमची,
राजलक्ष्मी