गारँड बंदुकीच्या तीन वाटण्या

मी, हेल्मी तुओमेला, कै. ऑनी तुओमेला यांची पत्नी, वय एक्क्याऐंशी, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार टॅमरॅक हार्बर, मिशिगन, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही; दाब आणणारा माणूस अजून या गावात यायचा आहे.

मृत्युपत्राची सुरुवात विचारपुशीने करत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण वाचणारी माणसं माझी आहेत, तेव्हा ते आधी. कारिन, पोरी, तुझी कंबर कशी आहे? दवाखान्यात रोगी उचलताना दुसऱ्या कुणाला हाक मार, असं मी दरवेळी सांगते आणि तू दरवेळी "हो आई" म्हणून फोन ठेवतेस. रेनो, गुडघा कसा आहे? घरात बर्फ काढायचं यंत्र असताना फावडं घेऊन मिरवू नकोस. क्लेरन्स, ऐकायचं यंत्र कानात घालतोस, की ते अजून साखरेच्या डब्यातच आहे? अर्वो भावोजी, तुमच्या पोटाची चौकशी करत नाही. ते मला चर्चच्या जेवणात दुरूनही दिसतं.

माझं विचाराल, तर काळजाची एक झडप म्हातारी झाली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उन्हाळा निघेल. पुढचा बर्फ पाहाल असं मात्र धरून चालू नका." मी म्हटलं, "बर्फ पोटभर पाहिला. उन्हाळ्याचं बोला."

या उन्हाळ्यात मला एकच गोष्ट पाहायची आहे. रायफल क्लबातले माझे जुने दोस्त रेनो हाउतामाकी आणि क्लेरन्स ट्रेम्बाथ भांडण विसरून पुन्हा शनिवारच्या टेबलावर समोरासमोर बसलेले. म्हणून हे मृत्युपत्र मी मरायची वाट न बघता आत्ताच सगळ्यांना धाडते आहे.

कलम १. घर, अंगण, लाकडांची वखार आणि मागचा सौना, म्हणजे वाफेने अंघोळ करायची खोपटी, माझी मुलगी कारिन हिला. सौनातली दगडी चूल बदलू नये. डेल, तू जावई म्हणून चांगला आहेस, पण विजेची चूल बसवलीस तर मी खिडकीतून बघेन.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक निघेल ते आमच्या रायफल क्लबला. त्यातून लक्ष्याखालच्या खंदकावरचं छप्पर नवं करावं. फलक ओढणाऱ्याच्या मानेवर पाणी गळतं आणि मग तो खार खाऊन गुण कमी देतो.

कलम ३. तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडायचा गिरमिट माझे दीर अर्वो यांना. तो त्यांच्याकडेच आहे. ऑनी असताना "उद्या आणून देतो" म्हणून नेला होता. आता आणू नका, भावोजी. तो तुमचा झाला. तुमच्या जिवावरचं ओझं उतरलं, माझ्याही.

कलम ४. लाटणं आणि पेस्टीची, म्हणजे मटण भरून भाजलेल्या करंजीची, मोठी परात क्लेरन्सला. मटणाच्या पेस्टीत गाजर घालतात हे तुझ्या इंग्लंडातल्या कॉर्निश पूर्वजांना मान्य नाही, हे मी तुझ्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं, आणि प्रत्येक वेळी ते तोंड माझ्याच गाजराच्या पेस्टीने भरलेलं होतं.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. माझी गारँड.

ही बंदूक ऑनीने सरकारी नेमबाजी योजनेतून मागवली आणि ती टपालाने दाराशी आली. ऑनी देवमाणूस, पण बार उडायच्या आधीच डोळे मिटायचा. तिसऱ्या शनिवारी त्याने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "हेल्मी, तू बघ बरं. माझ्याशी हिचं पटत नाही." माझ्याशी पटलं. पहिल्याच दिवशी गोळ्यांची क्लिप आत दाबताना बोल्टने, म्हणजे सरकत्या खटक्याने, अंगठा चेचला, नख काळं पडलं, ते मी सगळ्या शाळेला दाखवत फिरले. पुढे नव्या पाद्रीबाबांना मी सांगत होते, "तळहाताने बोल्टची दांडी मागे अडवून धरा, मग अंगठा काढा." ते म्हणाले, "मला समजतं, ताई." मग अंगठा सापडला आणि प्रार्थनेच्या पुस्तकात नसलेले बरेच शब्द आम्ही त्यांच्या तोंडून ऐकले. त्यानंतर त्यांची प्रवचनं पुष्कळ सुधारली.

शनिवारचं टेबल म्हणजे खडीच्या खाणीजवळची क्लबची शेड. ऑनी, मी, रेनो आणि क्लेरन्स. नेमबाजी दुपारपर्यंत, आणि कोणाची बंदूक सरस हा वाद कॉफी संपेपर्यंत. रेनोची तोकारेव, रशियन. फिनलंडच्या लढाईत आमच्या फिनिश लोकांनी समोरच्यांकडून हिसकावलेल्यांपैकी. क्लेरन्सची एफएएल, बेल्जियन, कारण त्याचा मामेभाऊ तिकडे इंग्रजांच्या पलटणीत तीच घेऊन होता. हे सगळं मी अजून ऐकते आहे असं वाटतं.

"क्लेरन्स, ही तुझी बंदूक नाही रे, पाण्याचा नळ आहे," रेनो सुरुवात करायचा.

"नळ तर नळ. उघडला की येतं. तुझी चालवायला आधी पाना लागतो, मग पकड लागते, मग पाद्री लागतो."

"माझ्या काकाने ती शत्रूच्या हातातून ओढून घेतली होती!"

"ओढून कसली? सुटलो एकदाचा म्हणून त्याने सोडली असेल."

"दहा गोळ्या, आणि वजन बघ. उचल! तुझी घेऊन चालायचं म्हणजे सोबत घोडा हवा."

"माझ्यात वीस बसतात. तुझ्या दहा संपल्या, आणि तिने लांब फेकलेल्या पुंगळ्या शोधायला तू रानात गेलास, की माझ्या दहा उरतातच. वहिनी, तुम्हीच सांगा."

मी सांगायचे, "हिच्यात आठच बसतात. पण आठवी सुटली की टिंग करून क्लिप बाहेर फेकते. संपलं की संपलं, तोंडावर सांगते. तुम्हा दोघांना ते कधी जमलं?"

एकाच बाबतीत तिघांचं एकमत. काडतूस पुऱ्या ताकदीचं हवं, खांद्याला कळलं पाहिजे. डेल एकदा त्याची हलकी, बारीक काडतुसाची नवी बंदूक घेऊन आला होता. रेनोने ती दोन बोटांनी उचलली आणि काळजीने विचारलं, "हिचे आईवडील कुठे आहेत?" क्लेरन्स हसून हसून बाकावरून पडला. डेल, तूही हसलास, म्हणून तर तुला पोरगी दिली.

मग आला गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. आमची पद्धत अशी की एकजण बार उडवतो आणि दुसरा लांब तिकडे लक्ष्याखालच्या खंदकात बसतो. तो फलक खाली ओढतो, भोक बघतो, दाखवतो, ठिगळ चिकटवून फलक पुन्हा वर करतो. भोक सापडलंच नाही, तर लाल निशाण हलवतो. क्लेरन्स मारत होता, रेनो खंदकात. क्लेरन्सची एक गोळी नेमकी मध्यात लागली. पुढची सुटली, आणि वर आलं ते लाल निशाण.

क्लेरन्सने खंदकाचा फोन उचलला. फोन मोठ्या आवाजाचा, सगळ्यांना ऐकू जातो.

"पुन्हा बघ."

"बघितलं."

"अरे, आधीच्याच भोकातून गेली असेल."

"एफएएलमधून? क्लेरन्स, तुझी बंदूक दोन गोळ्या एकाच तालुक्यात टाकते तेवढं पुष्कळ झालं."

शेड हसली. मीही हसले. क्लेरन्स हसला नाही.

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"मी भोकं मोजतो बाबा. माणसं मोजत नाही."

क्लेरन्सने बंदूक रिकामी केली, पेटीत घातली आणि गेला. अर्धी पेस्टी ताटात टाकून. खाणं टाकून गेलेला क्लेरन्स मी जन्मात पाहिला नव्हता. तेव्हापासून शनिवारी तो येत नाही, आणि रेनो येतो तो भिंतीकडे तोंड करून बसतो.

आता माझा निकाल ऐका. दोन गोळ्या एका भोकातून जाऊ शकतात. चांगला नेमबाज फलकही चुकवू शकतो. फलक त्याच संध्याकाळी शेकोटीत गेला. तेव्हा खरं काय ते देवालाच ठाऊक, आणि तोही त्या दिवशी खंदकात बसलेला नव्हता. झाला निकाल.

आणखी एक. रेनो रविवारी माझ्याकडे येतो. कॉफी पितो, हवापाण्याचं बोलतो आणि दारात बूट चढवताना विचारतो, "तो बहिरा कानात यंत्र घालतो का आता? रस्ता ओलांडताना गाडी ऐकू येत नाही त्याला." क्लेरन्स गुरुवारी येतो. तोही बूट चढवतानाच विचारतो, "त्या हट्ट्याच्या छपरावरचा बर्फ कुणी काढला? गुडघा घेऊन शिडीवर चढला नाही ना?" दोघांपैकी कुणीही हे कुणाला सांगू नका असं म्हटलं नव्हतं, म्हणून लिहून टाकलं.

तर गारँड. हिचे नुसत्या हाताने, अवजाराशिवाय, तीन भाग होतात हे तुम्हाला माहीत आहे. त्याप्रमाणे:

लाकडी दस्ता क्लेरन्स ट्रेम्बाथ यांस. त्याला लाकूड कळतं. तेल पाजत जा.

चापाचा संच रेनो हाउतामाकी यांस. हळू ओढ. बोलतानाही.

नळी आणि बोल्टचा सांगाडा कारिनला, कारण क्रमांक त्यावर कोरलेला आहे आणि कायद्याच्या लेखी तीच बंदूक. बाकीचं नुसतं लाकूड आणि लोखंड.

हे ऐकून कारिन फोनवर म्हणाली, "आई, असं कुणी वाटतं का? बंदूक आहे की शेत?"

"मग सांग कुणाला द्यायची."

"रेनोकाकांना."

"क्लेरन्स मरेपर्यंत बोलत राहील."

"बरं, क्लेरन्सकाकांना."

"रेनो मरेपर्यंत बोलणार नाही. ते जास्त वाईट."

"आणि मला नळी कशाला?"

"म्हणजे दोघांना तुलाही कॉफी पाजावी लागेल."

अट अशी. बर्फ वितळल्यापासून हरणांच्या शिकारीच्या मोसमापर्यंत, महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिघांनी आपापला भाग टेबलावर आणावा, जोडावा आणि प्रत्येकाने एकेक क्लिप मारावी. क्लेरन्स मारेल तेव्हा खंदकात रेनो. रेनो मारेल तेव्हा क्लेरन्स. घरी जाताना ज्याचा भाग त्याने न्यावा. कुणी एकाने जरी आपला भाग नाकारला, तर तिन्ही भाग डेलला. त्याने मला हसत हसत सांगितलं आहे की तो तिला वार्निश देईल, वर दिव्याची छत्री बसवील आणि दिवाणखान्यात दिवा करील. रेनो, क्लेरन्स, तो करील. त्याने छत्री पाहूनही ठेवली आहे. फुलाफुलांची.

कलम ६. लाल निशाण मीच ऑनीच्या जुन्या फ्लॅनेलच्या चड्डीतून शिवलं होतं. ते माझ्यासोबत शवपेटीत ठेवावं. क्लबला दुसरं लागलंच, तर ते रेनो आणि क्लेरन्स यांनी एका टेबलावर बसून शिवावं. शिवणयंत्र माझं वापरा. सुई दोघांनाही दिसणार नाही, ती कारिन ओवून देईल.

कलम ७. माझ्या अंत्यविधीला लांबलचक भाषण नको, कॉफी कडक हवी. गारँडची एक क्लिप मारावी. आठवी सुटून टिंग झालं की समजा मी निघाले. पण तेव्हा एकत्र येणं हे काही खरं येणं नव्हे, कारण त्या दिवशी कॉफी ओतायला मी नसेन. म्हणून मी तिन्ही भाग मेच्या पहिल्या शनिवारी स्वतः टेबलावर मांडणार आहे. न्यायला या.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी कारिनने करावी. आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द. एकच होतं, तेही ऑनीच्या हट्टाने केलेलं, आणि त्यात गिरमिट अर्वोकडून परत आणायचा होता.

हे सगळं मी वाचून पाहिलं, दोनदा हसले, एकदा डोळे पुसले, आणि खाली सही करते.

हेल्मी तुओमेला

आम्हा दोघांसमक्ष सही केली. या मृत्युपत्रात आम्हाला काही मिळत नाही. आज सकाळची कॉफी आणि पाव तेवढा मिळाला.

साक्षीदार १: डोरिस पेल्टियर, गावच्या ग्रंथालयात काम
साक्षीदार २: एल्मर निएमी, रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी चालवतो

टॅमरॅक हार्बर, मिशिगन
९ मार्च २०१७

रेनो आणि क्लेरन्स यांस: मेमध्ये येणार का, याची मला तुमची दोन उत्तरं नकोत. एकच हवं, खाली दोघांच्या सह्या असलेलं. कोरा कागद मी रेनोच्या प्रतीसोबत घातला आहे. माझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट क्लेरन्सच्या प्रतीसोबत आहे. कागद एकाच्या घरी, पाकीट दुसऱ्याच्या घरी, आणि मध्ये फक्त एक रस्ता. तो एल्मरने आजच साफ केला आहे. तेव्हा लिहा, आणि लवकर लिहा.