येतो म्हणाला होतात

४ मार्च

पोचलो एकदाचे! सामान आलं, बाबा आले, आणि माझी कोरफडसुद्धा ट्रकमधून जिवंत आली. घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, आणि स्वयंपाकघर आपलं म्हणायचं म्हणून म्हणायचं, पण खिडक्या काय मोठ्या आहेत! बाबांनी आल्या आल्या सगळे नळ सोडून बघितले, सगळी बटणं दाबून बघितली आणि घर पास केलं. मग खिडकीपाशी खुर्ची ओढून टॅब उघडला, आणि झालं, त्यांचं बस्तान बसलं.

उद्यापासून नवी नोकरी. व्हिडिओंच्या साइटवर लोक खाली ज्या कमेंटी टाकतात त्या निवडायच्या. शिव्या, जाहिराती आणि यंत्राने टाकलेला कचरा बाहेर, माणसांनी लिहिलेलं आत. बाबा म्हणाले की एवढी शिकून शेवटी केरच काढणार तर. मी म्हटलं, मुलगी कोणाची!

हा ब्लॉग मी कॉलेजात असताना सुरू केला होता. अजून उघडतो हेच नवल. तेव्हा रोज चार अनोळखी माणसं येऊन भांडून जायची, आणि भांडली नाहीत तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आता चिटपाखरू फिरकत नाही. बरंच आहे. मनातलं लिहायला मोकळीक.

९ मार्च

ऑफिसात मला जुने व्हिडिओ दिलेत. शेजारच्या खुर्चीवर एक दाढीवाला आहे, तो दिवसभर हेडफोन लावून शेंगदाणे खातो आणि माणूस कोण, यंत्र कोण हे शेंगदाणा तोंडात जायच्या आत ओळखतो. आमच्या सुपरवायझर बाई हसत नाहीत, पण पंखा माझ्याकडे वळवून देतात. चालेल.

प्रत्येक जुन्या गाण्याखाली एकच कमेंट असते: ‘अजून कोण कोण बघतंय?’ आणि त्याखाली शेकडो लोकांचं ‘मी’. नुसतं ‘मी’. कोणाला उत्तर देतायत हेही त्यांना माहीत नसतं. मला हसू येतं.

पण कमेंट लिहावी तर बाबांनी. कालच नळदुरुस्तीच्या व्हिडिओखाली लिहिलं: ‘सप्रेम नमस्कार. माहिती आवडली. आवाज जरा मोठा ठेवावा, आमच्या वयाचे लोकही बघतात. बरंय, येतो.’ प्रत्येक कमेंटचा शेवट ‘येतो’. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ते फक्त मेलेल्या माणसाचं काम, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. फोन ठेवताना येतो, दवाखान्यातून निघताना येतो. त्यावर दवाखान्यातली नर्स एकदा म्हणाली होती की येऊ नका हो काका, बरे राहा.

१० मार्च

ऑफिसात कोणीतरी जुन्या मोडेमचा आवाज लावला, तो चिरका, भांड्यांवर भांडी घासल्यासारखा. मला एकदम आमचं नेट कॅफे आठवलं. बाबांनी बारा वर्षं चालवलं ते. लाकडी कप्प्यांत सहा मशीन आणि काउंटरवर बाबा. तिथे एक चॅटरूम दिवसभर उघडी असायची. गावोगावची माणसं यायची, खरं नाव कोणी सांगायचं नाही. दीडशहाणा, चष्मिष, टायपिंगबाई. बाबांना सगळे मालक म्हणायचे. निघताना प्रत्येकाने ‘येतो’ लिहून जायचं हा बाबांचा नियम, आणि लाइन कट होऊन कोणी न सांगता गेलं की दुसऱ्या दिवशी त्याची यथेच्छ टर उडायची.

आई गेल्यावर ती चॅटरूमच बाबांचं घर होती. मग सगळ्यांच्या हातात फोन आले आणि कॅफे बंद पडलं. त्यानंतर त्यांच्याशी चार वाक्यं सलग बोलणारी मी एकटीच उरले, आणि मीही दिवसभर बाहेर. त्यांना एकटं ठेवायला नको म्हणूनच तर इकडे घेऊन आले.

१८ मार्च

बाबांच्या टॅबवर भलतंसलतं काय काय येऊ लागलंय. आज एका छताच्या पंख्याचा व्हिडिओ बघत बसले होते. माणूस नाही, गाणं नाही, नुसता पंखा. काल एक जिना होता. त्याआधी एक बंद शटर. विचारलं तर म्हणाले की आपोआप पुढ्यात येतं, आणि हे यंत्र मला बरोबर ओळखतं. मी म्हटलं, ओळखतं म्हणूनच घाबरा. सगळे एकाच चॅनलचे, आणि चॅनलला नावच नाही. बिननावाचं चॅनल आमच्या साइटवर उघडताच येत नाही.

तो जिना मला कुठेतरी बघितल्यासारखा वाटला.

२३ मार्च

आमचंच कॅफे आहे ते!

आज रविवार, दुपारी बाबांनी हाक मारली. व्हिडिओत काउंटर, सहा कप्पे, हिरवा पडदा. तिसऱ्या मशीनच्या तुटक्या बटणात काडेपेटीची काडी खोचलेली, ती मी खोचली होती. तिथे कोणी कधी शूटिंग केलं नाही. कॅमेरा घेऊन तिथे कोणी यायचंच नाही. आणि ती इमारत पाडून तिथून रस्ता काढला त्याला जमाना झाला.

बाबांचे डोळे भरून आले होते. कोणी का काढला असेना, जपून तर ठेवलाय, म्हणाले.

२६ मार्च

त्या व्हिडिओखाली कमेंटी येतायत. ‘मालक, ओळखलंत का?’ दीडशहाणा. ‘मालक, तुमची चिडकी पोरगी कशी आहे?’ चष्मिष. बाबा एखाद्या नव्या नवरदेवासारखे खूश. सकाळीच दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि टॅबसमोर बसून दिवसभर उत्तरं. दोन घास जास्त जेवतात. गुणगुणतात. इतक्या वर्षांत मी हे बघितलं नव्हतं, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पण धंद्याची सवय जाते थोडीच. ऑफिसात त्या खात्यांची माहिती काढली. प्रत्येक खात्याला ते कधी उघडलं ती तारीख असते. यांतल्या एकालाही नाही. जागा रिकामी. दाढीवाल्याने शेंगदाणे बाजूला ठेवले, तेव्हाच मी समजले. म्हणाला की असं होत नाही, चॅनल रिपोर्ट करून टाक.

शिवाय टायपिंगबाई. आज तिचीही कमेंट आली. ती तर कॅफे चालू असतानाच अपघातात गेली. बाबा स्वतः तिच्या आईवडिलांना भेटून आले होते. संध्याकाळी मी त्यांना आठवण करून दिली. त्यांनी टॅबवरून नजरही न काढता सांगितलं की मला माहीत आहे.

२७ मार्च

रिपोर्ट केलं. आता चॅनल रांगेत लागेल, आणि वरून मंजुरी आली की त्यातले व्हिडिओ जुन्यापासून नव्यापर्यंत एकेक करून पुसले जातील. रिपोर्ट मागे घ्यायची सोय नाही, आणि कशाला घेईन मी? सुटलो एकदाचे. घरी येऊन शांत झोपले.

३० मार्च

सगळ्या कमेंटी बंद झाल्यात. आता फक्त एकच, सगळ्यांच्या नावाने, पुन्हा पुन्हा.

‘मालक, येतो म्हणाला होतात.’

कॅफे बंद केलं त्या दिवशी चॅटरूममध्ये बाबांनी शेवटचं तेच लिहिलं होतं. मी शेजारी उभी होते. सगळे ‘वाट बघतो’ म्हणाले होते. बाबांनी मशीन बंद केलं आणि पुन्हा कधीच त्या रूममध्ये गेले नाहीत.

आज बाबा बूट घालून बसले होते. कुठे जाताय विचारलं तर म्हणाले की माणसं ताटकळलीयत गं, शब्द दिला होता मी. माझा तोल गेला. नको नको ते बोलले. म्हातारचळ म्हटलं. त्यांनी बूट काढून नीट जोडीने ठेवले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

३१ मार्च

बाबा दुपारी झोपले तेव्हा टॅब घेतला. त्यांच्याच खात्यावरून लिहिलं, म्हणजे एकदाचा निकाल लागेल:

‘तुमचा गैरसमज झालाय. निघताना येतो म्हणायची पद्धत असते. येतो म्हणजे जातो. मी जातो.’

बटण दाबल्यावर कळलं मी काय लिहिलं ते. बाबांच्या नावाने. जो शब्द त्यांनी जन्मात कधी तोंडातून काढला नाही तो.

लगेच उत्तर आलं. ‘बरं. तसं तर तसं.’

पुसायला गेले. पुसता येईना. लोकांच्या हजारो कमेंटी पुसल्या असतील मी, आणि ही एक —

१ एप्रिल

ऑफिसातून आले. दार आतून बंद होतं, कडी लावलेली. कुलूपवाल्याला बोलावून उघडलं. बूट जागेवर. चष्मा नाही. चहा झाकून ठेवलेला, अजून कोमट. टॅब चालू.

नवा व्हिडिओ आला होता. काउंटरवर पाठमोरा माणूस. निळा शर्ट, मीच इस्त्री केलेला.

२ एप्रिल

पोलीस येऊन गेले. कडी आतून होती म्हटलं तर एकमेकांकडे बघत राहिले. व्हिडिओ दाखवला. त्यांना नुसती खोली दिसते. रिकामी खोली आणि पंखा, म्हणाले.

मला बाबा दिसतात. फडक्याने कीबोर्ड पुसतात. कप्प्यांच्या पडद्यामागे पाय दिसतात, कोणाकोणाचे. तिसऱ्या कप्प्यात बाईचे.

खाली लिहिलं, बाबा, घरी चला. चुकलं माझं.

संध्याकाळी उत्तर. ‘ठमे, इथे सगळे आहेत. तू जेवून घे. औषधं घ्यायची राहिली बघ माझी.’

बाबाच. ठमी मला दुसरं कोणी म्हणत नाही.

३ एप्रिल

रिपोर्ट.

मी केलेला रिपोर्ट. रांगेत आहे. माझ्या डोक्यातून पार गेलं होतं.

सुपरवायझर बाईंकडे धावले. हातापाया पडले अक्षरशः. त्यांनी व्हिडिओ लावला, बघितला, पाणी दिलं. म्हणाल्या की रिकाम्या खोलीसाठी कोणी असं रडतं का, दोन दिवस सुट्टी घे. मंजुरी आलीय म्हणाल्या. उद्या काढतील.

व्हिडिओ उतरवून ठेवायचा प्रयत्न केला. फाइल होते. उघडली की काळी.

बाबांना लिहिलं, बाहेर या. जिन्याने, दाराने, कसंही. लगेच. त्यांनी लिहिलं की दार बाहेरून उघडतं, तू उघड ना.

कुठलं दार. बाबा, कुठलं दार?

४ एप्रिल

सुरुवात झाली. ऑफिसातच बसलेय. दाढीवाला मला बघतोय, खुर्ची जवळ ओढून बसलाय.

शटर गेलं. जिना गेला. पंखा गेला.

बाबांनी वर बघितलं. पंखा थांबलाय त्यांचा. हाताने काहीतरी खुणावतायत —  नाही, रुमालाने घाम पुसतायत.

कॅफेचा पहिला व्हिडिओ गेला. आता एकच राहिलाय. कप्प्यांतले दिवे एकेक करून जातायत. पाय दिसेनात. टायपिंगबाईचे होते आत्तापर्यंत, आता ते —

बाबा काउंटरवरच्या मशीनशी बसले. टाइप करतायत, एका बोटाने, शोधून शोधून, तसेच. खाली कमेंटीत उमटतंय.

‘ठमे, इथले दिवे कोणीतरी बंद करतंय गं. सगळे घाबरलेत. तुझं ऑफिस अशाच कामाचं ना. बघ जरा कोण आहे ते, आणि त्याला सांग की आत माणसं’

काय सांगू. बाबा इकडे बघतायत, सरळ माझ्याकडे, वाट बघतायत उत्तराची. काय लिहू मी त्यांना, की ते मीच