स्टार्टर पिनॉक यांचा स्थिर हात

३ मार्च. सकाळ.
आमच्या पॅरिशच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, प्राथमिक शाळांच्या शर्यती एकवीस तारखेला. बार काढून शर्यत सोडणारा स्टार्टर यंदाही मीच. बावीस वर्षं पिस्तूल माझ्या हातात आहे. डॉक्टर हृदयाचं काहीबाही सांगतात, पण ते हृदयाचं, हाताचं नव्हे. हात दगडासारखा स्थिर.
नात केरिस मुलींच्या शंभर मीटरमध्ये आहे. राजधानीतल्या, किंग्स्टनच्या एका मोठ्या शाळेचा कोच बघायला येतोय. पहिली आली तर शाळा, होस्टेल, सगळं पक्कं. उद्यापासून रोज सहाला सराव.

४ मार्च.
जाग आली नाही. उद्यापासून नक्की.

६ मार्च.
सराव सुरू. पिस्तूल घरी आणता येत नाही, म्हणून मी ‘सेट’ म्हणतो आणि पातेल्यावर झाकण आपटतो. पोरगी झाकणाबरोबर सुटते. बरोबर कसली, किंचित आधीच! याला म्हणतात कोचिंग.
बायकोचं, व्हेरोनाचं म्हणणं, आपटण्याआधी मी दचकून ‘हुक्’ करून श्वास ओढतो आणि पोर त्यावर पळते. तिला शर्यतीतलं काय कळतंय, डोंबल!

९ मार्च.
गाडी स्टार्ट होईना. ढकलता ढकलता केरिसचा इंग्रजीचा तास घेतला. तीस वर्षं मास्तरकी केलीय, सवय जात नाही. म्हटलं, बघ, ‘स्टार्ट’ हा एवढासा शब्द. इंजिनाला तोच, शर्यतीला तोच, धंदा काढायला तोच, भांडण उकरायलाही तोच.
व्हेरोना दारातून म्हणाली, “दचकण्यालाही तोच ना, मास्तर? तुझा सध्या तेवढाच चालू आहे.”
दुर्लक्ष केलं.

१५ मार्च.
पंचांची मीटिंग. मुख्य पंच टलक साहेबांनी हळूच विचारलं, नात धावतेय, तर या शर्यतीला दुसरा स्टार्टर नेमू का? मी चांगलंच सुनावलं. नियमही ऐकवला. मुलगी आधी सुटली तर बाद. स्टार्टरची चूक असली तर कुणीच बाद नाही, सगळ्यांनी पुन्हा धावायचं. माझ्यामुळे ती वेळ बावीस वर्षांत आलेली नाही.

२१ मार्च. सकाळी ६.
न्याहारीचं डंपलिंग घशाखाली उतरेना. उन्हामुळे असेल. हात स्थिर.

२१ मार्च. दुपारी ४.
फायनल. केरिस पहिल्या लेनमध्ये, माझ्यापासून तीन पावलांवर. मैदान चिडीचूप. ‘सेट’ म्हटलं. बोट ट्रिगरवर. आता बार होणार या विचारानेच छातीत धस्स झालं आणि श्वास ओढला गेला. बोट हललंच नाही.
केरिस सुटली होती. एकटीच. दहा पावलांवर थांबली आणि वळून माझ्याकडे बघत राहिली.
टलक साहेब धावत आले. “पिनॉक, तुझ्याकडून काही झालं का?”
सगळं मैदान बघत होतं. मी नाही म्हणालो. लाल कार्ड मीच दाखवलं. हात जरासुद्धा थरथरला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

२२ मार्च.
नियम म्हणजे नियम. तरी मला फार वाईट वाटतंय. ठरलं, उद्या टलक साहेबांना खरं काय ते सांगून टाकायचं.

२३ मार्च.
पोट बिघडलंय. उद्या.

२४ मार्च.
गेलो. वाक्य पाठ केलं होतं. तोंड उघडायच्या आत साहेबांनी एक चिठ्ठी पुढे केली. केरिसची. शर्यत संपताच देऊन गेली म्हणे. ‘मी स्वतःच आधी सुटले. आजोबांनी काही केलेलं नाही.’
साहेब म्हणाले, “कोचचा आज फोन येणार आहे. चूक स्टार्टरची असेल, तर तो पोरीला पुन्हा बघायला तयार आहे. बोल, पिनॉक.”
चिठ्ठी दोनदा वाचली. अक्षर सुरेख. वळण मीच लावलंय.
मी म्हणालो, “पोरीने लिहिलंय, म्हणजे तसंच असेल.”