बंद काचांची गाडी

नोव्हाय, मिशिगन
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय अस्मिताताई,

साष्टांग नमस्कार लिहिला तर हसशील, म्हणून नुसता नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? माझ्या मैत्रिणीची, राधिकाची आई परवा नागपूरला परत निघाली आहे, तिच्याबरोबर हे पत्र देते. फोनवर बोलायला लागलं की आरोही जिन्यात ऐकत उभी असते, आणि व्हॉट्सॲपवर तू माझ्या प्रत्येक काळजीला अंगठा पाठवतेस.

आमच्याकडे सगळं ठीक. दिवाळीच्या चकल्या करायला घेतल्या, पहिला घाणा तेलात विरघळला. यतीन म्हणाला, "सुटे भाग म्हणून विकू." मोटारींच्या कंपनीत इतकी वर्षं काढल्यावर नवऱ्याचे विनोदही तसेच होतात. सरकार दर महिन्याला ग्रीन कार्डाच्या तारखांचा तक्ता काढतं, तो यतीन पंचांगासारखा बघतो. आमचा मुहूर्त निघत नाही.

शिव चौदाचा झाला. शाळेत राज्यघटना शिकवतायत, त्यामुळे भांडी लाव म्हटलं तरी हक्कांची भाषा. "आई, धिस इज अ फ्री कंट्री." मी म्हटलं, "असेल. स्वयंपाकघर माझं आहे." तो इथे जन्मला म्हणून नागरिक. आरोही तीन वर्षांची असताना आपल्याकडून आली, म्हणून ती बापाच्या व्हिसावर. हे तुला माहीत आहे. जानेवारीत ती एकवीस पूर्ण करेल आणि मग बापाच्या व्हिसावर राहता येत नाही, हे मात्र मी तुला कधी नीट सांगितलं नाही. वकिलाने विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज केलाय. मिळेलही. पण तो शिक्षणापुरता.

काल इथल्या चौकात निदर्शनं होती. बाहेरून आलेल्यांची धरपकड चालू आहे, तिच्याविरुद्ध. शिवला जायचं होतं. जॅकेट घालायच्या अटीवर मी हो म्हटलं. आरोहीलाही जायचं होतं. तिला अट नाही, काही नाही. सरळ नको म्हटलं.

"मग ड्राइव्ह तरी मी करते," ती म्हणाली.

मीही बरोबर गेले, राखणीला. शिव उतरला. आम्ही दोघी रस्त्यापलीकडे गाडी लावून काचा वर करून बसलो. शिवने घोषणेचा पुठ्ठा घरापासून पालथाच धरला होता. मला वाटलं, असेल काहीतरी नेहमीचं. तिथे त्याने तो उंच केला. वर इंग्रजीत लिहिलं होतं, माझी बहीण इथलीच आहे.

येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या पाठिंबा म्हणून हॉर्न वाजवत होत्या. आरोहीने हॉर्नवर हात नेला, आणि ताई, मी तिचं मनगट धरलं.

जोरात धरलं. तिने सोडवूनही घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "हॉर्नलापण व्हिसा लागतो का, आई?"

त्याचं उत्तर मी कालपासून शोधते आहे. बंद गाडीतल्या हॉर्नने कोणाचं काय बिघडणार होतं? मी सावध आहे असं इतकी वर्षं समजत आले. भित्री असेन. दोन्हींतला फरक आईला आतून कळतो का, मला माहीत नाही.

परत येताना शिव मागून आरोहीला विचारत होता, "ताई, डिड यू सी इट?"

"बघितलं रे. काय घाण अक्षर आहे तुझं," ती म्हणाली.

संध्याकाळी चकल्यांच्या दुसऱ्या घाण्यापाशी ती उभी होती. (हा जमला.) एक चकली मोडत म्हणाली, "मावशीकडची गॅलरीवाली रूम रिकामी आहे ना अजून? मेमध्ये डिग्री झाली की जाऊ का तिकडे? राहायला."

राहायला म्हणाली. भेटायला नाही. मी गॅस बारीक केला, मग मोठा केला.

ती शहरनियोजन शिकते आहे. नागपूरचे खोदलेले रस्ते बघून खूश होशील, वगैरे मी बोलले. ती हसली नाही.

तर ताई, खोली रिकामी आहे का? ती आली तर ठेवून घेशील का? हे विचारायला मी इतकी पानं घेतली, कारण तू नाही म्हणावंस असं मला वाटतंय. सुरुवातीला भाऊजींच्या गुडघ्याची चौकशी केली ना, तीही निर्मळ नव्हती. गुडघा दुखत असेल तर तू "आत्ता नको" म्हणशील, असं मनात येऊन गेलं. आपली मुलगी आपल्या सख्ख्या बहिणीकडे जाऊ नये म्हणून मी भाऊजींचा गुडघा धरून बसले आहे. तू इथे असतीस तर म्हणाली असतीस, "काहून गं, डोकं फिरलं का तुझं?" फिरलं असेल.

म्हणून उत्तर मला देऊ नकोस. तिलाच फोन कर, हो असो की नाही. माझ्या हाती निरोप दिलास तर वाटेत मी त्याचंही मनगट धरीन.

ती तुझ्याशी बोलत असेल तेव्हा मी जिन्यात उभी राहणार नाही. निदान तसा प्रयत्न करीन.

तुझी धाकटी,
रेणू