भिंतींवर टाकलेलं जाळं

बाबा, यंदा धरणाचं पाणी इतकं उतरलंय की बुडालेल्या गावाच्या भिंती उघड्या पडल्यात. मेहकरहून एसटीनं आले, फाट्यावर उतरले आणि घरी न जाता आधी काठावर गेले. त्या भिंतींत आपलं जुनं घर कुठलं, ते मला ओळखता आलं नाही. तुम्हाला तर भरल्या पाण्यावरूनही ओळखू यायचं. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर फळी टाकून तुम्ही बसायचात, मी मागे, आणि त्या जागेशी आलो की हातानं वल्हवणं थांबवायचात. मी एकदा कारण विचारलं तर म्हणालात, "आपलं घर धरणात गेलं, आता तिथं मासोळ्याईचा संसार हाये. तिथं जाळं टाकाचं नाही." मच्छीमार सोसायटीचे तुम्ही अध्यक्ष, म्हणून तो सगळ्यांचाच नियम झाला. भिंतींच्या आडोशाला मासा वाढतो आणि तिथून धरणभर पसरतो, एवढी साधी गोष्ट. पण तुम्ही ती कुणाच्या तरी दारावरून जाताना आवाज खाली आणावा तशी पाळत होता.

मी सतरा वर्षांची होते. तुम्ही तापानं फणफणला होता आणि मला दाखवून द्यायचं होतं की पोरगीही टोपलंभर मासे आणू शकते. भर दुपारी काठावर कुणी नव्हतं. तुमचं जाळं घेतलं आणि सरळ भिंतींवर टाकलं. हावरेपणा, दुसरं काय! ओढायला गेले तर ते खाली दगडांत अडकलं, ट्यूब कलंडायला लागली, मी घाबरले आणि विळ्यानं जाळं कापून अर्धं तिथंच सोडून आले. उरलेलं होतं तसं खुंटीला टांगलं. नायलॉन कुजत नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ते खाली मासे धरत राहिलं, मारत राहिलं, आणि मी इकडे दोन वेळा जेवत होते, कॉलेजला जात होते.

वास सुटला तेव्हा सोसायटीच्या माणसांनी जाळं वर काढलं. त्यात फुगलेले, अर्धे खाल्लेले मासे होते. कुणाचं जाळं आहे हे आपल्यात गाठीवरून कळतं, आणि तुम्ही डावखुरे, तुमची गाठ उलटी बसायची. बैठकीत तुम्ही उभे राहिलात, माझ्याकडे पाहिलंही नाही. "गाठ माही हाये," म्हणालात, "मंग जाळं माहं हाये." अध्यक्षपद गेलंच. नियम करणाऱ्यानंच नियम मोडला, ही बातमी पार पिंपळगाव राजाच्या सोयऱ्यांपर्यंत पोचली. घरी तुम्ही मला एक शब्दही बोलला नाहीत. फाडफाड बोलला असतात तर मीही रडून मोकळी झाले असते. चार वर्षांनी तुम्ही गेलात, तोवर मला धीर झाला नाही.

आता मी कोकणात असते. समुद्रात पोवळ्यांचे खडक आहेत. ते जपायचे, पण मच्छीमारांना बाजूला सारून नाही, त्यांना सोबत घेऊन, असं आमचं काम. तुम्ही स्वप्नात कधी येत नाही. पाण्याखाली मात्र येता. खडकावर कुणाचं तरी टाकून दिलेलं जाळं गुंडाळलेलं असतं, आत एखादा खेकडा अजून पाय हलवत असतो, आणि तो सोडवण्याआधी मी गाठ बघते. दरवेळी बघते. वाटतं की तुम्ही मागेच आहात, वल्हवणं थांबवून.

मागच्या महिन्यात तिथल्या एका वाडीत बैठक झाली. दोन खडकांवर काही काळ जाळं आणि नांगर टाकायचा नाही, असं ठरवायचं होतं. लोक ऐकेनात. धरणाकाठची बाई आम्हाला समुद्र शिकवणार का, असं एकानं तोंडावर विचारलं. तेव्हा मी भिंतींची गोष्ट सांगितली. सगळे ऐकत होते. एका म्हातारीनं विचारलं, "पण तां जाळां टाकल्यान कोणी?" मी म्हणाले, माझ्या वडिलांनी. त्यांनी सगळ्यांसमोर कबूलही केलं. म्हातारी म्हणाली की असा माणूस खरा, आणि तिनं सगळ्यात आधी हात वर केला. खडक वाचले बाबा, पण तुमच्यावर मी दुसऱ्यांदा तोच आळ घातला.

म्हणून रजा काढून आले. इथं तरी खरं सांगायचं ठरवलं होतं. काल तुमच्या जागी अध्यक्ष झालेले काका भेटले. फार थकलेत. चहा पाजला, माझी चौकशी केली, मग म्हणाले, "तुह्या बापासारखा माणूस नाही पाह्यला. पण तेवढं एक काऊन केलं त्यानं, अजून समजत नाही मले. तुले काही बोलला होता का?"

बाबा, मी नाही म्हणाले.