मत्तयाचं पहिलं वचन आणि लागीचं लग्न

ती. पेलेताईस, धाकट्या फुआतिनोचा सप्रेम सलाम.

देवाच्या दयेने इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? ऑकलंडच्या थंडीत पायमोजे काढत जाऊ नकोस. (कागद दोन्ही बाजूंनी भरते आहे, तेव्हा उजेडाला धरून वाचू नकोस, गोंधळशील.)

तर आमच्या लेकीचं, लागीचं, गावातल्या सिलिवामावशींच्या नातवाशी, इओआनेशी, जमल्यातच जमा होतं. अशात पाळकीणबाईंनी बायकांच्या सभेत मत्तयाच्या शुभवर्तमानाचं पहिलं वचन मला समजावून सांगायला लावलं. (मॅट्रिक झाल्याची शिक्षा, दुसरं काय!) येशू हा दाविदाचा पुत्र, अब्राहामाचा पुत्र, त्याची ही वंशावळ, वचन एवढंच. म्हटलं, सोपं आहे. पोरीला मागणं आलं की आपण आधी घराणं विचारतो, तसं मत्तयाने आधी घराणं सांगितलं. इथे थांबले असते तर कोको पिऊन सुखाने घरी आले असते. पण सिलिवामावशी पुढ्यातच बसलेल्या. त्यांच्यावर छाप पडावी म्हणून दाखल्यादाखल मी आपलीच वंशावळ घडाघडा म्हणून दाखवली. चारचौघांत वंशावळ उघडू नये, असं आई का बजावायची, ते तेव्हा कळलं.

आपल्या आजोबांचं, सेउमानूआबांचं नाव येताच मावशी हातातला पंखा टाकून उठल्या. "अगं, तो माझ्या बापाचा भाऊ! पोरी, तू आमचीच निघालीस की!" मला मिठी मारून रडल्या. मीही रडले. सगळी सभा रडली. मग एकदम सगळ्या कोको वाटणाऱ्या लागीकडे बघायला लागल्या. रक्त कितीही लांबचं असो, एका रक्तात लग्न होत नाही. पोरीने हातातले पेले तसेच खाली ठेवले.

तेवढ्यात कोपऱ्यातून फेतूआजी (गावात त्यांच्याहून म्हातारं कोणी नाही) बोलल्या, "कसला भाऊ? सेउमानूला तान्हा असताना मानोनो बेटावरून टोपलीत घालून आणला. माझ्या आईने पाजलंय त्याला."

मी म्हटलं, "सुटले! म्हणजे आबा तुमचे नव्हेतच."

"वा गं वा!" मावशी कडाडल्या. "सांभाळलेला तो आपला नव्हे? मग दाविदाच्या कुळातल्या योसेफाने नुसता सांभाळलेला येशू दाविदाचा कसा? वाच, वाच तुझं वचन!"

ताई, नव्हेत म्हणावं तर वचन जातं, आहेत म्हणावं तर जावई जातो. मी आपली पुस्तक उलटं धरून उभी.

अखेर मावशींनीच कोको भुरकत निकाल दिला. "नाव दाविदाचं, रक्त देवाचं. तसं सेउमानूचं नाव आमचं, रक्त मानोनोचं. देवळात बसायचं ते नावाने, लग्न बघायचं ते रक्ताने. आता केक कापा."

नुसती नावंच तर आहेत म्हणून ते पान मी आजवर ओलांडून जात होते. आता समजलं.

तुझी,
फुआतिनो

ता. क. टोपलीबद्दल पाळकसाहेबांना आपल्या घरच्याही एका वडीलधाऱ्याचा शब्द हवा आहे. आई तुला सांगायची ना? आठवत असेल तर लगेच कळव.

आणखी ता. क. नसेल आठवत, तर प्रार्थना करून पुन्हा आठव. लग्नाच्या जेवणाची डुकरं सांगून ठेवली आहेत.