निवडुंगाला खत

राइट टाउन, जबलपूर

प्रिय प्रणोती,

फोनवर बोलायला गेले की शब्द अडतात, म्हणून लिहून राहिले. तुझा निवडुंग जगला, हे आधी सांगते. फेब्रुवारीत माकडानं गच्चीवरून कुंडी पाडली. माती विखुरलेली, मुळं उघडी. मी तो नव्या कुंडीत लावला आणि लगेच सरसोंच्या खलीचं खतपाणी घालायला निघाले. बाबा म्हणाले, "काहून घाई करून राहिलीस? मुळं तुटलीत त्याची. आधी माती धरू दे, खत मग."

मी ऐकलं नाही. त्या दिवशी हात स्वस्थ राहतच नव्हते. सकाळी सदर बाजारात तुझी मावसबहीण हर्षा भेटली होती. पिशवी सावरत म्हणाली, "काकू, प्रणोतीचं लग्न पक्कं झालं. तुम्हाला तर सांगितलंच असेल तिनं!" मी म्हटलं, "हो, हो, सांगितलं की." मग ऑटोत बसले आणि आपली गल्ली मागे गेली तरी भैयाला थांब म्हणायचं सुचलं नाही.

खतानं व्हायचं तेच झालं. बुंधा मऊ पडला. बाबांनी रोप उपटलं, सडलेला भाग कापला, सावलीत सुकवलं आणि पुन्हा कोरड्या मातीत लावलं. मला हात लावायची मनाई. मी नुसत्या गच्चीच्या चकरा मारायची. खाली यायची, फोन बघायची, पुन्हा वर.

दर रविवारी तू फोन करतेस. नागपूरचं ऊन, बँकेतली गर्दी, बाबांची शुगर, सगळं होतं. मग तू गप्प होतेस. मला वाटतं, आता सांगशील. तू म्हणतेस, "चला आई, ठेवते."

आमचा सुमेध गेल्यावर वर्षभर तू आमच्यापाशी राहिलीस. आपलं माणूस गमावलेली तू, आणि आम्हाला दोन घास भरवायचीस. शेवटी मीच तुला माहेरी धाडलं, आठवतं ना? स्टेशनवर बाबा पाणी आणायच्या निमित्तानं गेले ते गाडी सुटल्यावरच परतले.

निवडुंगाच्या टोकाशी आता कोवळी फूट आली आहे, काटे अजून मऊ आहेत. परवा बाबाच म्हणाले, "आता दे खत. पण पातळ कर." दिलं.

आम्ही रडू, याची तुला भीती वाटत असेल. रडू थोडं. सुमेधच्या आईबापाला मांडवात कसं बोलवायचं, हाही संकोच असेल. त्या मुलाच्या घरच्यांना विचारून घे, पण आमच्यापासून लपवू नको, बेटा. काल बाबांनी त्यांचा एकुलता एक कोट ड्रायक्लीनला टाकला. एवढ्या उन्हात कोट कशाला, म्हणून मी विचारलं, तर बुटांच्या नाड्या बांधत, वर न बघता म्हणाले, "पोरीचं लग्न आहे ना." प्रणोती, आम्हाला बोलव.

तुझीच,
आई